काळ्या किनारीचा बोर्ड

जेलरोड, नाशिक रोड
गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप भिमाजीदादांना,

झुंबरचा नमस्कार. तो साष्टांगच समजावा. गुडघ्यामुळे हल्ली मी देवालाही उभ्यानेच करतो आणि देवाची अजून तक्रार आलेली नाही. तुमची तब्येत बरी असेल, साखर ताब्यात असेल. वहिनींचा खांदा, म्हशीचा पाय आणि विहिरीवरची मोटार (तिन्ही एकाच आठवड्यात बिघडल्याचं ऐकलं होतं) आता ठीक असतील. आमच्याकडे सर्व कुशल आहे. सर्व म्हणजे मी. तुमची बहीण तुमच्याकडेच असल्यामुळे तिचं कुशल तुम्ही मला कळवायचं.

फोनच्या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. गेले नऊ दिवस मी तुमचा फोन लावतो. तो दोनदा वाजतो आणि मग तुम्ही रेंजच्या बाहेर जाता. विहिरीवर रेंज नसते हे मला मान्य आहे, पण तुम्ही नऊ दिवस विहिरीवरच आहात हे मनाला पटत नाही. सुमनचा फोन तर वाजतही नाही. पत्राचं बरं असतं, ते उचलावं लागत नाही, आपोआप घरात येऊन पडतं.

सुमननं तिकडे आल्यावर काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. ती खोटं बोलणार नाही. पण ती थोडक्यात बोलते, आणि ही गोष्ट थोडक्यात सांगितली तर त्यात माझी बाजू उरत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. तिनं परत यावं की येऊ नये हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा फक्त बोर्डाच्या रचनेचा आहे.

बोर्ड या विषयात मी अगदीच अडाणी नाही, हे तुम्ही जाणता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं पाट्या रंगवल्या. 'हेल्मेट वापरा', 'येथे थांबू नये', आणि ज्याच्यासाठी मला लांबून लांबून बोलावत ती कवटी आणि दोन हाडं. चांगल्या पाटीची माझी व्याख्या सोपी आहे. माणसानं ती वाचावी आणि हात मागे घ्यावा. आता निवृत्तीनंतर मी रोज संध्याकाळी शहरातल्या पाट्या बघत फिरतो, तर बहुतेक पाट्या अशा की माणसानं हात पुढे करावा म्हणून लावलेल्या असतात आणि त्या वाचून तो मागेच घ्यावासा वाटतो. 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेली चार दुकानं एकट्या नाशिक रोडला आहेत आणि चौघांचं नाव एकच आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या जाहिरातीत एक गोरं कुटुंब पांढऱ्या सोफ्यावर बसून हसतं. घरात कुठे चपला नाहीत, गॅसची टाकी नाही, देव नाहीत. (हसायला काय जातंय?) कॉलेज रोडला एका दुकानासमोर मी पाच मिनिटं उभा होतो, ते चहाचं आहे की बुटांचं कळेना, अक्षरं शेवयांएवढी बारीक. आत जाऊन विचारलं तर केस कापायचं निघालं. आणि वाढदिवसाचे फ्लेक्स तर विचारूच नका. वाढदिवस एकाचा, फोटो अठ्ठेचाळीस जणांचे, त्यातले निम्मे मोबाईलवर बोलताना. एकमेकांशीच बोलत असावेत, कारण बाकी त्यांना फोन कोण करणार?

तर अशा या वातावरणात सुमनचा काळा मसाला इतकी वर्षं जाहिरातीशिवाय विकला जात होता. पारदर्शक पिशवी, तिचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं, आत तिच्या हातची चिठ्ठी. 'सुमनबाई. काळा मसाला.' आणि खाली एकतर 'बेताचा' किंवा 'जहाल'. दोन दिवसांत चिठ्ठी तेलकट होऊन वाचता येत नसे, पण तोवर मसाला कोणाचा हे घराला वासावरून कळलेलं असे. माणसं येत, ओट्यावर बसत, पिशवी घेऊन जात. याला व्यवसाय म्हणतात हे आम्हाला वेदिका आल्यावर कळलं.

वेदिका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात डिझाइन शिकली. पोर गुणी आहे, तिला या प्रकरणात दोष देऊ नका (सुमनही देत नाही; तिनं सगळा दोष एकाच ठिकाणी ठेवला आहे). तिनं पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, काका, लोक मसाला घेत नाहीत, गोष्ट घेतात. मी म्हणालो, आमच्याकडे तरी आजवर कोणी गोष्टीची आमटी केलेली नाही. ती हसली नाही. मग तिनं मला मोकळ्या जागेचं महत्त्व समजावून सांगितलं. कागद जितका रिकामा तितका ऐवज मोठा वाटतो, शब्द जितके कमी तितका विश्वास जास्त बसतो, वगैरे. मला ते पटत गेलं. एकतीस वर्षं मी पाटीचा कोपरान् कोपरा भरत आलो होतो. या वयात आपल्याला काही नवीन पटतंय याचाच मला आनंद झाला. माणसाची अक्कल गहाण पडते ती अशा आनंदाच्या वेळीच.

ठरलं असं की पिशवीऐवजी डबी करायची आणि आमच्या कॉलनीच्या चौकात एक मोठा बोर्ड लावायचा. बोर्डावर सुमनचा चेहरा. फोटो वेदिकानं आमच्या मोरीच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढला. कृष्णधवल, कारण मसाला काळा. सुमननं हसावं म्हणून तिनं बरेच प्रयत्न केले, पण गॅसवर डाळ होती आणि सुमनचं सगळं लक्ष शिट्ट्यांकडे होतं, त्यामुळे फोटोत ती दूरवरचं काही ऐकते आहे अशी आली. वेदिका म्हणाली, अप्रतिम, डोळ्यांत खोली आहे. खाली मधोमध फक्त नाव, 'सुमनबाई'. 'काळा मसाला' हे शब्द तळाला, फिकट राखाडी, मुंगीएवढे. मी विचारलं, हे कोणाला दिसणार? तर म्हणाली, ज्याला ओढ आहे तो जवळ येऊन वाचेल. कोपऱ्यात तो चौकोनी ठिपक्यांचा छाप, मोबाईलनं टिपायचा.

आता दादा, इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायची आहे, कारण सुमननं ती सांगितली असेलच. किनार माझी. वेदिकाच्या रचनेत किनार नव्हती. पण किनार नसलेली पाटी मला अंगावर कपडा नसलेल्या माणसासारखी वाटते, मी तरी काय करू? मी म्हणालो, तुझं सगळं मान्य, पण चारी बाजूंनी चार बोटांची काळी पट्टी हवी. पोरीनं खूप विरोध केला, शेवटी काकाचा मान राखला. मी बोर्डाकडे लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. भारदस्त वाटला. एवढं सगळं आम्ही तिघांनी पाहिलं (तिसरी सुमन, ती म्हणाली 'केस नीट आलेत', आणि आत गेली), आणि तिघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. घरचं माणूस डोळ्यांसमोर चालत-बोलत असलं की त्याच्या फोटोत दुसरं काही दिसत नाही, असं मला आता वाटतं.

फ्लेक्स छापायला मी नाशिकच्या द्वारका चौकात प्रफुल्लच्या दुकानात गेलो. हा प्रफुल्ल एरवी कामात असतो, मान वर करत नाही. माझ्या हातातलं चित्र पाहताच तो खुर्चीतून उठला, पान थुंकून आला, हात जोडले आणि रांगेतले दोन वाढदिवस मागे ठेवून आमचं काम आधी घेतलं. मी समजलो, हा कलेचा मान. मी त्याला म्हणालो, पुतणीनं केलं आहे, साधंच आहे. तो खाली बघत म्हणाला, साधंच बरं असतं. मला त्याच्याबद्दल आदर वाटला. सोमवारी रात्री त्याच्या माणसांनी बोर्ड लावलासुद्धा, आणि लावला कुठे, तर चौकात जी लोखंडी चौकट आहे तिच्यावर. त्या चौकटीवर वर्षाचे सहा महिने वाढदिवस असतात आणि उरलेले सहा महिने श्रद्धांजल्या. ही गोष्ट मला ठाऊक होती. ती वेळेवर आठवली नाही एवढंच.

मंगळवारी सकाळी सुमन भाजलेल्या मसाल्याचे दोन डबे घेऊन कांडप यंत्रावर गेली. फोन घरी चार्जिंगला. मी डब्यांवर लावायची लेबलं आणायला पुन्हा द्वारकेला. माझा फोन खिशात होता, पण छपाईच्या यंत्रांजवळ देवानं हाक मारली तरी ऐकू येत नाही. आणि नेमक्या त्याच सकाळी तुमच्या गावच्या मैनामावशी सिन्नरच्या बसमधून आमच्या चौकातून गेल्या. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मावशींनी सुमनला फोन लावला, उचलला नाही. मला लावला, उचलला नाही. एरवी एखाद्यानं फोन उचलला नाही तर आपण म्हणतो कामात असेल. चौकात काळ्या किनारीत फोटो असला तर तसं म्हणवत नाही. तुम्ही त्या दिवशी कांदा घेऊन लासलगावला रांगेत होता, म्हणून तुम्हाला 'तब्येत जरा जास्त आहे, निघून या' एवढंच कळवलं, हे गावानं चांगलं केलं. बाकीची मंडळी जीप करून निघाली.

ही मंडळी नुसती दुःखानं आली नव्हती, दादा, रागानंही आली होती. बोर्ड लागला म्हणजे सगळं उरकलं, आणि माहेरच्यांना कळवलंसुद्धा नाही, असा त्यांचा समज. मावशींनी माहेरकडची म्हणून एक हिरवी साडी पिशवीत आणली होती. शेजारचे केरूभाऊ, जे आमच्याकडे एरवी फक्त शिडी मागायला येतात, त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली होती. त्यांच्या घरून पिठलं-भाकरीचं टोपलं आलं होतं, कारण अशा दिवशी त्या घरात चूल पेटवत नाहीत. कोपऱ्यातला ठिपक्यांचा छाप केरूभाऊंनी मोबाईलवर टिपून पाहिला होता. रामकुंडावरच्या दशक्रियेची वेळ त्यात असेल असं त्यांना वाटलं. त्यात 'आत्ताच मागवा' असं आलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आजकाल दशक्रियेचंही काही सांगता येत नाही, असं ते मला नंतर म्हणाले.

मी लेबलांचा गठ्ठा घेऊन साडेबाराला घरी पोहोचलो. फाटकात चपलांचा ढीग, ओट्यावर तीस-पस्तीस माणसं खाली माना घालून. मी अत्यंत संयमानं परिस्थिती हाताळली. केरूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, धीर धरा. सगळे माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा दिसत होती, तेव्हा मी एक साधा, व्यवहारातला प्रश्न विचारला. मी म्हणालो,

"आता मसाल्याचं कसं होणार?"

एवढंच. यात वावगं काय आहे? पण माझं दैव असं की त्याच क्षणी तुमची बहीण दोन्ही हातांत डबे घेऊन माझ्या मागे फाटकात उभी होती.

मैनामावशींनी तिला आधी पाहिलं. "आगं सुमे," त्या म्हणाल्या, "तू तर हायेस." मग जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करत नाही, एक-दोन बायका रडायच्या थांबल्या आणि एक-दोन नव्यानं रडायला लागल्या. सुमननं डबे खाली ठेवले. बोर्ड तिनं येतानाच पाहिला होता, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मसाल्याचं होईल काहीतरी." मग तिनं पदर खोचला, माणसं उन्हाची लांबून आली आहेत म्हणाली, आणि तिच्यासाठी आलेलं पिठलं तिनंच सगळ्यांना वाढलं. वर कांदा फोडून दिला. जेवणं झाल्यावर भांडी घासली. मग पिशवी भरली. सांत्वनाला आलेल्या जीपमध्ये एक जागा रिकामी होती, तिच्यात बसून ती गेली. हिरवी साडी तिनं ठेवून घेतली. रंग खरोखर चांगला आहे. तिकडे तुम्ही टोपी काढून अंगणात बसला होता आणि तिनं उतरून तुम्हाला 'चहा घेतलास का' विचारलं, असं मावशींकडून समजलं. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. ही पत्रातली पहिली क्षमा आहे.

आता रचनेचा मुद्दा. जाहिरातीचं काम काय, तर लोकांनी थांबून बघावं. दादा, आमच्या बोर्डासमोर रिक्षा थांबल्या. पोस्टमन सायकलवरून उतरला. शाळेच्या मुख्याध्यापिका चपला काढून उभ्या राहिल्या. अठ्ठेचाळीस फोटोंचा कुठला फ्लेक्स हे करून दाखवील? आणि 'त्या जिवंत आहेत' हे कळल्यावर तर सगळ्या जेलरोडनं मसाला मागवायला सुरुवात केली. आपण त्या बाईला कधी चांगलं म्हणालो नाही, आता तरी दोन डब्या घेऊ, असा त्यामागे भाव असावा. वेदिका म्हणते असं यश ठरवून मिळत नाही. तिचा पुढचा बोर्ड तयार आहे, त्यावर फक्त 'सुमनबाई आहेत' एवढंच लिहायचं. मी त्याला अजून परवानगी दिलेली नाही. प्रफुल्ल येऊन माफी मागून गेला आणि रंगीत, कमळांचा एक नमुना ठेवून गेला. जुना बोर्ड मी स्वतः शिडीवर चढून काढला. लोक खाली उभे राहून मला तो उतरवताना बघत होते. घडी घालून तो मी माळ्यावर ठेवला आहे.

तर एवढी हकिकत. शांतपणे विचार केलात तर तुमच्या लक्षात येईल की रचना चुकलेली नव्हती, किनार थोडी जाड झाली. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीच्या पायाला हळद लावत राहावी. लोभ असेल तेवढा असू द्यावा. सध्या कमी असेल तर तसं कळवावं.

तुमचा,
झुंबर

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. मागणी साठली आहे आणि मसाला संपला आहे. सुमनकडून मसाल्याचं प्रमाण विचारून कळवाल का? धने किती, खोबरं किती, दगडफूल केव्हा घालायचं. तिच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. मी आणि केरूभाऊंनी रविवारी अंदाजानं करून पाहिला. मिरच्या जळल्या. अख्खी गल्ली खोकत रस्त्यावर आली आणि त्यातल्या तिघांनी मला विचारलं, सुमनबाई कधी येणार?

ता. क. २. प्रमाण नको. तिला विचारू नका. वर जे संयमाचं लिहिलं ते खरं नाही. केरूभाऊंनी 'धीर धरा' म्हटलं तेव्हा बोर्ड माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. कोण गेलं हे मी कोणाला विचारलं नाही, कारण आमच्या घरात माणसं दोन आणि त्यातला एक तर मी उभा होतो. मला वाटलं कांडप यंत्राच्या पट्ट्यात पदर अडकला. 'सैल कपडे घालून यंत्राजवळ जाऊ नये' ही पाटी मी एकतीस वर्षं रंगवली, दादा, शेकड्यांनी रंगवली, आणि घरात एकदाही तोंडानं बोललो नाही. मला खूप काही म्हणायचं होतं. तिचं नाव घ्यायचं होतं, पण डोळ्यांसमोर ती सकाळी दोन डबे घेऊन निघालेली दिसत होती, म्हणून जे आलं ते मसाल्याचं आलं. मावशी बोलल्या तेव्हा मी वळलो आणि तिला पाहून भर ओट्यावर सगळ्यांसमोर खाली बसलो. तिला वाटलं, लाजून बसलो.

ता. क. ३. हे पत्र तिच्या हातात देऊ नका, तुम्ही वाचून दाखवा, दुसऱ्या ता. क.पासून. तिला स्वतःला वाचता येणार नाही. चष्मा इथेच राहिला आहे, टीव्हीवर. काल तुमच्याकडचा एक माणूस तो न्यायला आला होता, तुम्हीच पाठवला होता. चष्मा सापडत नाही, असं मी त्याला सांगितलं.